स्केलब्रिजची शीव

घड्याळं एक तास मागे जातात त्या रविवारनंतर आमच्या रस्त्यावर पानं गोळा करणारे येतात. पाठीवर यंत्र, कानांवर जाड आवरणं, अंगात नारिंगी जाकिटं. फुटपाथवरची पानं फुंकत फुंकत ते कडेला नेतात आणि मागून येणारी गाडी ती ओढून घेते. खिडकी लावलेली असली तरी तो घुमणारा आवाज आत येतो. तो आला की मला दरवर्षी स्केलब्रिज आठवतं. खरं तर निखिल आठवायला हवा, माझा नवरा. पण आधी आठवतं ते इंग्लंडच्या उत्तरेतलं एक नदीकाठचं गाव, जे तेव्हा मी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. आणि कार्ल्सरूहेच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर भिंग घेऊन त्या गावाच्या नकाशावर वाकलेले माझे सासरे.

सात वर्षं झाली त्याला.

मी पुण्याची, नगररचना शिकलेली. इथल्या विद्यापीठात पीएचडीला लागले तेव्हा माझ्या प्राध्यापकांनी नदीकाठच्या जुन्या औद्योगिक गावांची यादी समोर ठेवली होती. ज्या गावाचे जुने नकाशे सगळ्यात नीट स्कॅन झालेले होते ते मी निवडलं. एवढंच कारण. गावाचा इतिहास, त्याच्या हद्दी कशा बदलत गेल्या, कुठला धंदा नदीच्या कुठल्या अंगाला वसला आणि कधी उठला, असा विषय. निखिल कराडचा. तो चिडवायचा, "कराडची सून जर्मनीत बसून इंग्रजांच्या गावाची मोजणी करतेय. नानांना कळलं तर पेढे वाटतील." नाना म्हणजे त्याचे वडील. सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात, भूकरमापक म्हणून. सातारा जिल्ह्यातला एकही बांध त्यांनी तुडवायचा बाकी ठेवला नव्हता.

त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी निखिल ऑफिसच्या जिन्यात कोसळला. चाळीस वर्षंही पूर्ण व्हायची होती. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. मला फोन आला तेव्हा मी स्केलब्रिजच्या दोरखंडाच्या कारखान्याची लांबी मोजत होते. दोर वळायला सरळ, लांबच लांब जागा लागते, त्यामुळे ती इमारत नकाशावर पट्टीने ओढलेल्या रेघेसारखी दिसते. फोन ठेवल्यावर मी फाइल सेव्ह केली, कॉम्प्युटर बंद केला, खुर्ची आत सरकवली. हे मला अजून लख्ख आठवतं. रडल्याचं आठवत नाही.

नाना पाचव्या दिवशी आले. सासूबाई आधीच वारल्या होत्या, त्यामुळे एकटेच. फ्रांकफुर्टला विमानतळावर ते बाहेर आले ते हातात जुनी रेक्झिनची बॅग आणि अंगात निखिलचाच, कधीतरी इथून पाठवलेला कोट. मला पाहिल्यावर म्हणाले, "जेवलीस का काही?" मी म्हटलं, "हो." ते खोटं होतं आणि त्यांना ते कळलं. गाडीत आम्ही दोघंही पुढचा रस्ता बघत बसलो.

जर्मनीत अस्थींचा कलश घरी देत नाहीत. इथल्याच दफनभूमीत पुरायचा, नाहीतर परदेशी न्यायचा असेल तर वकिलातीचे कागद आणायचे, आणि तोवर तो त्यांच्याकडेच राहतो. अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या बाईंच्या ऑफिसात आम्ही दोघं बसलो होतो. टेबलावर कागदी रुमालांचा डबा होता. आम्ही कोणीच त्याला हात लावला नाही. बाई हळू आवाजात जर्मनमध्ये बोलत होत्या आणि मी नानांना मराठीत सांगत होते. कागदावर निखिलच्या नावाआधी 'फेरश्टोर्बेनर' असा शब्द होता. मृत. मी तो भाषांतरात गाळला.

"त्या विचारतायत, इथे ठेवायचं की तिकडे न्यायचं."

"वाटून घेता येतं का?" नानांनी विचारलं.

मी बाईंना विचारलं. त्यांनी मान हलवली. कायद्यात बसत नाही.

"मग तुला काय वाटतं?" नाना म्हणाले.

"तुम्ही म्हणाल तसं."

"मी तुला विचारतोय, मृणाल."

"मला माहीत नाही, नाना."

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, "मग मी घेऊन जातो. कृष्णेत सोडू." मी ते वाक्य जर्मनमध्ये सांगितलं. बाईंनी नदीचं नाव कसं लिहायचं ते विचारलं आणि मी एकेक अक्षर सांगत गेले.

कागद यायला किती दिवस लागतील ते कोणालाच सांगता येईना. म्हणून नाना राहिले. सप्टेंबर, ऑक्टोबर आणि जवळजवळ सगळा नोव्हेंबर. माझी मुलगी ओवी तेव्हा सहा वर्षांची, नुकतीच पहिलीत गेलेली. तिला मराठी सगळं समजायचं आणि उत्तर ती जर्मनमध्ये द्यायची. नाना मराठीत विचारायचे, ती जर्मनमध्ये सांगायची, आणि दोघांचं चाललेलं असायचं. ते रोज तिला शाळेत सोडायला जायचे. पंधरा दिवसांत त्यांनी 'गेनाऊ' हा शब्द उचलला. अगदी बरोबर, असा त्याचा अर्थ. मग ते सगळ्यालाच गेनाऊ म्हणू लागले. पोळी करपली, गेनाऊ. ट्राम चुकली, गेनाऊ. ओवी हसायची. त्या घरात तेव्हा तेवढंच हसू होतं.

मला डिसेंबरच्या मध्यावर प्रबंध द्यायचा होता. मुदत वाढवून मिळाली असती. प्राध्यापकांनी स्वतःहून विचारलं होतं. मी नको म्हटलं. का, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दुपारी मी टेबलाशी बसायचे, नकाशा स्क्रीनवर उघडायचे आणि त्याच्याकडे बघत राहायचे. एक दिवस नाना चहा घेऊन आले आणि माझ्या मागे उभे राहिले.

"ही शीव नदीच्या बाहेर का पडलीय?"

मी मागे वळले. "कुठे?"

त्यांनी बोट ठेवलं. "नदी दोन परगण्यांची हद्द आहे ना? मग हद्द नदीतून जायला पाहिजे. इथे ती उठून शेतात गेलीय."

"नदीला पूर्वी तिथे मोठं वळण होतं. बोटी अडायच्या, म्हणून दीडेकशे वर्षांपूर्वी सरळ खणून काढली. हद्द जुन्या वळणावरच राहिली."

"म्हणजे हा तुकडा आहे अलीकडच्या काठावर, आणि कागदावर पलीकडच्या गावचा."

"हो."

"मळई," नाना म्हणाले. नदीने सरकून मोकळ्या केलेल्या जमिनीला आपल्याकडे म्हणतात तो शब्द. "आमच्याकडे असल्या तुकड्यावरून सख्खे भाऊ बोलत नाहीत. इथे राहायचं कोण?"

मी सांगितलं. त्या तुकड्यावर चामडं कमावण्याचे कारखाने होते. गावाने वास नको म्हणून ते तिथे ढकलले होते. तिथली माणसं या काठावर राहायची, या काठावर बाजार करायची, पण मेली की त्यांना पलीकडच्या चर्चमध्ये न्यावं लागायचं, कारण हद्द पलीकडची. होडीतून न्यायचे.

बोलून झाल्यावर मी काय बोलले ते माझ्या लक्षात आलं. नानांनी चहाचा कप माझ्या हातात दिला. "निवेल," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नकाशे कागदावर आणायला सांगितलं. स्क्रीनवर त्यांना काही दिसत नव्हतं. मी इन्स्टिट्यूटमधून मोठे छाप काढून आणले. ते जेवणाच्या टेबलावर पसरले, चारी कोपऱ्यांना मसाल्याच्या बरण्या ठेवल्या, आणि तिथून पुढे आमच्या दुपारी स्केलब्रिजमध्ये जाऊ लागल्या. जेवण आम्ही स्वयंपाकघरात उभ्याने करायचो.

त्या दिवसांत धुकं फार पडायचं. खिडकीतून समोरची इमारत दिसायची नाही, फक्त तिच्यातले पिवळे दिवे. आत हिटर टिकटिकायचा. नाना लोकरी टोपी घालून, भिंग घेऊन, एकेक दगड शोधत जायचे. इंग्रजांनी हद्दीवर ठरावीक अंतरावर दगड रोवलेले आणि नकाशावर त्यांची टिंबं काढलेली. मी त्यांना सांगितलं की पूर्वी तिथे वर्षातून एकदा सगळं गाव हद्दीवरून चालत जायचं, म्हाताऱ्यांनी मुलांना दगड दाखवायचे, म्हणजे पुढच्या पिढीला लक्षात राहावं. नाना म्हणाले, "मोजणीला आम्ही पंच बोलवायचो तसंच. कागद जळतो. बघितलेला माणूस लागतो."

वरच्या अंगाला तागाच्या गिरण्या, कारण तिथे पाण्याला ओढ होती. पुलाखाली बोटी बांधणारे. त्यांच्या शेजारी दोरखंडवाले, कारण दोर बोटींनाच लागायचे. मागे विटांची माती काढून झालेले खड्डे, ज्यांत नंतर तळी झाली. सगळ्यात खाली चामड्याचे कारखाने आणि शेवटी शेवटी एक कागदाची गिरणी. एकेक धंदा कुठल्या नकाशात दिसतो आणि कुठल्या नकाशात नाहीसा होतो हे नाना पेन्सिलीने समासात लिहून ठेवायचे. मोडी वळणाचं, तिरकं अक्षर. "आहे." "आहे." "नाही." त्यातले काही छाप माझ्याकडे अजून आहेत. आता बघितलं तर एका गावाची हजेरी घेतल्यासारखं वाटतं. तेव्हा काहीच वाटत नव्हतं. दुपार सरत होती, तेवढं पुरे होतं.

निखिलचं नाव आम्ही घेत नव्हतो. मुद्दाम ठरवून असं काही नव्हतं. त्याचे बूट दारातच होते, फरशी पुसताना नाना ते उचलायचे आणि परत तिथेच ठेवायचे.

ऑक्टोबरच्या शेवटी एक अडचण आली. चामड्याच्या कारखान्यांच्या त्या तुकड्याची हद्द जुळेना. एका टोकापासून निघून सगळे दगड जोडत परत आलं की रेघ बंद व्हायला हवी. ती होत नव्हती. मी आठवडाभर माझ्याच आकडेमोडीत चूक शोधत होते. नानांनी दोन दुपारी घालवल्या आणि मग भिंग खाली ठेवलं.

"या पानावरचं माप साखळीत आहे. त्यांची साखळी सहासष्ट फुटांची. आमची जुनी तेहेतीस फुटांची असायची, तिचे सोळा आणे. साखळीला आम्ही फसणार नाही. तुझं गणित बरोबर आहे. यात एक दगडच राहिलाय काढायचा. या कोपऱ्यावर दगड असणारच. मोजणीदार वळणावर दगड घातल्याशिवाय वळत नाही."

"नकाशात नाहीये, नाना."

"नकाशात नसेल. जमिनीवर असेल. विचार कोणालातरी."

स्केलब्रिजमध्ये गावातल्याच लोकांनी चालवलेलं एक छोटं संग्रहालय होतं आणि तिथे काम करणाऱ्या एक आजीबाई माझ्या मेलला कधीमधी उत्तर द्यायच्या. नाना म्हणाले, मी सांगतो, तू टाइप कर. आणि पाठीवर हात बांधून खोलीत फेऱ्या घालत त्यांनी सांगायला सुरुवात केली. "रिस्पेक्टेड मॅडम. विथ रेफरन्स टु द अबाव्ह सब्जेक्ट." पुढे तीन परिच्छेद. शेवटी स्वतःचं नाव आणि त्याखाली निवृत्त भूकरमापक, जिल्हा सातारा. मी एकही शब्द बदलला नाही.

चार दिवसांनी उत्तर आलं. बाईंनी लिहिलं होतं की पत्र वाचून त्यांना फार आनंद झाला, इतकं नीटनेटकं पत्र त्यांना कित्येक वर्षांत कोणी लिहिलेलं नाही. त्या स्वतः जाऊन पाहून आल्या होत्या. कारखान्यांच्या जागी आता मोठं दुकान आणि त्याचं पार्किंग आहे. पार्किंगच्या मागच्या भिंतीत, कचऱ्याच्या डब्यांच्या पाठीमागे, एक दगड बसवलेला आहे. सोबत फोटो होता. शेवाळलेला, गुडघ्याएवढा दगड, आणि त्यावर दोन्ही परगण्यांची आद्याक्षरं.

नाना बराच वेळ फोटोकडे बघत राहिले. "गेनाऊ," म्हणाले. मग उठून आत गेले. बाथरूममध्ये बराच वेळ नळ चालू होता.

पुढे, तीन वर्षांपूर्वी, मी एका परिषदेच्या निमित्ताने त्या भागात गेले आणि वाट वाकडी करून स्केलब्रिजला जाऊन आले. गाव छोटं, करडं, पुलावर फुलांच्या कुंड्या. तो दगड होता तिथेच होता. मी डबे सरकवून त्याच्यासमोर उभी राहिले. एक बाई गाडीत सामान भरता भरता माझ्याकडे बघत होती. मला काहीतरी वाटेल म्हणून मी वाट पाहिली. नानांचं मोजमाप बरोबर होतं, एवढंच वाटलं. फोटो काढून त्यांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "शेवाळ काढू नकोस. दगड धरून ठेवतं ते."

एक नोव्हेंबरला इथे सुट्टी असते. लोक आपापल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे ठेवतात. त्या वर्षी आम्ही तिघं फिरून येत होतो, तर दफनभूमीच्या भिंतीवरून आत लाल लाल दिवे दिसत होते, धुक्यात अर्धवट. ओवी फाटकाशी थांबली. आत एक बाप आणि दोन मुलं खाली वाकून पानं बाजूला करत होती. ओवीने ते नीट पाहिलं आणि ती पुढे चालायला लागली.

नाना मागे राहिले. मीही थांबले.

"अजून कागद आलेले नाहीत, मृणाल," ते म्हणाले. "थांबवता येतील. पोरीला जायला जागा राहील."

मला त्या क्षणी हो म्हणायचं होतं. मला ते आत कुठेतरी कळत होतं, जसं दुसऱ्या खोलीत फोन वाजतोय हे कळतं. मी म्हटलं, "नको. ठरलंय ते ठरलंय."

"बघ."

"थंडी वाढतेय, नाना. चला."

कागद त्यानंतर दहा-बारा दिवसांनी आले. मग सगळं भराभर झालं. नानांचं तिकीट, कलशाचा दाखला, त्याच्या तीन प्रती. ओवीने शाळेत मैत्रिणीला सांगितलं की पापा आजोबांबरोबर विमानाने इंडियाला जाणार आहेत. तिच्या बाईंनी मला बाजूला घेऊन काळजीने विचारलं, तिला सगळं समजलंय ना. मी म्हटलं, ती बोलली ते खरंच आहे.

राहिलं माझं कराडला न जाणं. त्याबद्दल मी आजवर लोकांना दोन-तीन कारणं दिलेली आहेत. प्रबंध, ओवीची शाळा, व्हिसाच्या नूतनीकरणाचे कागद. तिन्ही खरी आहेत आणि त्यांतलं एकही कारण नाही. जाता आलं असतं. मी गेले नाही. नानांनी एकदाच विचारलं होतं, "येतेस?" मी म्हटलं होतं, "प्रबंध द्यायचाय." त्यांनी मान हलवली होती आणि मसाल्याच्या बरण्या उचलून नकाशांची गुंडाळी करायला घेतली होती.

विमानतळावर कलश एका कापडी पिशवीत होता. नानांनी ती पोटाशी धरली होती. तपासणीच्या रांगेपर्यंत मला जाता आलं. ओवी त्यांच्या पाया पडली, मग मी पडले. ते म्हणाले, "प्रबंधात त्या संग्रहालयातल्या बाईंचे आभार मान. विसरशील." आणि आत गेले. रांगेतल्या माणसाने त्यांना पिशवी पट्ट्यावर ठेवायला सांगितलं. त्यांनी खिशातून कागद काढून दाखवला. माणसाने तो वाचला, आणि दोन्ही हातांनी पिशवी त्यांच्याकडून घेतली.

चार दिवसांनी, इथले सकाळचे आठ वाजले असताना, कराडहून व्हिडिओ कॉल आला. निखिलचा चुलतभाऊ संतोष घाटावर मोबाइल धरून उभा होता. मी माझा फोन दुधाच्या खोक्याला टेकवला. ओवी समोर ब्रेड खात होती. तिकडे भर दुपार, लख्ख ऊन, पाण्यावर इतकी चमक की डोळे बारीक करावे लागत होते. नाना धोतर खोचून पायऱ्या उतरले. गुडघाभर पाण्यात गेले. हातात अस्थी काढून घेतलेला पितळी तांब्या, त्याच्यावरचं कापड त्यांनी सोडलं आणि ते वाकले.

तेवढ्यात चित्र थांबलं.

नाना वाकलेले, हात पुढे, तांब्या कलता. त्यातून काही बाहेर आलेलं नाही. मी फोन हलवला नाही. कॉल तोडून परत लावला नाही. मी त्या थांबलेल्या चित्राकडे बघत राहिले. ओवीने मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाली, "मामा, एस हेंग्ट." आई, अडकलंय. मी म्हटलं, "हो." ती बूट घालायला गेली. चित्र परत सुरू झालं तेव्हा नाना पायरीवर बसून पाय पुसत होते आणि संतोष विचारत होता, "वहिनी, दिसतंय ना?" मी म्हटलं, दिसतंय. मग मी ओवीला शाळेत सोडलं, इन्स्टिट्यूटला गेले, आणि आभारांचं पान लिहिलं.

संध्याकाळी नानांचा फोन आला. तिकडे रात्रीची जेवणं झालेली असावीत, मागे भांड्यांचा आवाज येत होता. प्रवासाचं बोलले, पाण्याचं बोलले, यंदा नदीला पाणी बरं आहे म्हणाले. मग त्यांनी विचारलं,

"सगळं दिसलं ना तुला?"

"हो, नाना."

"बरं झालं. मला नाही बघवलं गं. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तर तांब्या रिकामा."

मी खिडकीशी उभी होते. फोन कानाला घट्ट धरला होता.

"संतोषचं लक्ष मोबाइलकडे," नाना म्हणाले. "म्हणजे बघितलंस ते फक्त तूच. लगेच बुडालं का? की गेलं लांब?"

"लांब गेलं, नाना," मी म्हटलं. "पुलाकडे गेलं. दिसेनासं होईपर्यंत बघत होते मी."

ते पलीकडे हळूहळू श्वास सोडत होते, ते मला ऐकू येत होतं.

"सांग ना," ते म्हणाले. "कसं गेलं ते सांग."

आणि मी सांगू लागले.